बँकॉकला एकटीने जायचंय? पहिला दिवस घरी बसूनच ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला नोकरी, वय बत्तीस, नोव्हेंबरात पाच दिवस बँकॉक. मैत्रिणीने ऐन वेळी अंग काढून घेतलं, तिकीट मात्र काढून झालंय. परदेशात पहिल्यांदाच आणि तेही एकटी. आई म्हणते रद्द कर, ऑफिसातले पुरुष ‘बँकॉक का?’ म्हणून एकमेकांकडे बघून हसतात. ताई, खरं सांगा, एकट्या बाईसाठी हे शहर सुरक्षित आहे का? राहू कुठे, रात्री बाहेर पडू का, आणि काही झालंच तर फोन कोणाला करू?

जा. अगदी खुशाल जा. मी बरीच वर्षं थायलंडला बायकांचे गट नेते आणि ज्यांना गटात जायचं नसतं त्यांना एकटीचा प्रवास आखून देते. पहिल्यांदा एकटं जाणाऱ्या बाईला मी सुचवते त्या शहरांत बँकॉक वरच्या नंबरात आहे. हसणाऱ्या पुरुषांना जे बँकॉक माहीत आहे ते चार-दोन गल्ल्यांचं आहे. बाकीच्या शहरात बायका दुकानं चालवतात, रात्री अकराला ऑफिसातून एकट्या घरी जातात, कोपऱ्यावरच्या गाडीवर नूडल्स खात बसतात. तुम्ही त्यांच्यातल्याच एक दिसाल. आपल्याकडची जी एक सततची नजर असते ती तिथे जवळजवळ नाही, आणि हे बहुतेकींच्या दुसऱ्या दिवशीच लक्षात येतं.

म्हणून धोका नाही असं नाही. पण माझ्याकडे आलेल्या तक्रारींची सुरुवात बहुतेक वेळा एकसारखीच असते. बाई दमलेली असते, फोनची बॅटरी संपत आलेली असते आणि समोरचा माणूस फार गोड बोलत असतो. अशा वेळी घेतलेला निर्णय फसतो. तेव्हा असे निर्णय तिथे घ्यायची वेळच येऊ देऊ नका, ते इथे चहा पीत घेऊन टाका. पुढचं सगळं त्यासाठीच.

सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे पहिली सकाळ. मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तासांचं अंतर, आणि बरीच विमानं रात्री निघून पहाटे उतरतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे झोप झालेली नाही, बाहेर सहा वाजलेत आणि हॉटेलची खोली मिळणार दुपारी दोनला. मधले आठ तास बॅग ओढत फिरणारी बाई हे कोणत्याही लबाड माणसाचं आवडतं गिऱ्हाईक. परवडत असेल तर आदल्या रात्रीचंही बुकिंग करा आणि ‘पहाटे पोहोचेन’ असं हॉटेलला आधी लिहून कळवा, नाहीतर ते तुम्हाला आलीच नाही म्हणून बाद करतील. परवडत नसेल तर एवढंच विचारून ठेवा की सामान ठेवता येईल का आणि अंघोळीची सोय आहे का. बहुतेक ठिकाणी असते.

निघण्याआधीची कागदपत्रं. 1 मे 2025पासून थायलंडचं डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. शोधलं की वर येणाऱ्या काही साइट त्याचे पैसे मागतात आणि पासपोर्टची माहितीही घेऊन बसतात. सरकारी पत्ता ‘गो डॉट टीएच’ने संपतो, तेवढं बघा. व्हिसाचे नियम अलीकडे बरेचदा बदललेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या साइटवर पुन्हा तपासा, कोणाच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि थोडी रोकड हाताशी ठेवा. एकट्या तरुण मुलीला आपल्या मुंबईच्या इमिग्रेशनवरही दोन प्रश्न जास्त विचारतात. चिडू नका, त्यामागचं कारण शेवटाकडे येईल.

सुवर्णभूमी विमानतळावर आगमनाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. ‘टॅक्सी, मॅडम?’ करणारे तिथेच उभे असतात. त्यांच्या शेजारून निघून सरळ खालच्या मजल्यावर जा. दाराबाहेर यंत्रं आहेत, बटण दाबलं की चिठ्ठी येते, चिठ्ठीवर लेनचा नंबर असतो, त्या लेनमधल्या गाडीत बसायचं. चिठ्ठीचा आपला भाग उतरेपर्यंत पर्समध्ये राहू द्या. गाडीत काही विसरलं किंवा तक्रार करायची झाली तर माग त्याच्यावरून लागतो. मीटर 35 बाटपासून (बाट हे तिथलं चलन) सुरू होतो, विमानतळाचे 50 बाट वर, आणि एक्स्प्रेसवेचा टोल आपण भरायचा. ड्रायव्हरने टोलचे पैसे मागितले म्हणजे तो फसवतोय असं नाही. ‘मीटर खराब आहे, चारशे द्या’ म्हणाला तर मात्र उतरा. टॅक्सीच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला गाडीचा नंबर चिकटवलेला असतो. बसल्याबसल्या त्याचा फोटो काढून घरी पाठवा, ड्रायव्हरला दिसेल असा.

सामान कमी असेल आणि दिवस उजाडला असेल तर मी टॅक्सीपेक्षा रेल्वे सुचवेन. एअरपोर्ट रेल लिंक अर्ध्या तासात फाया थाई स्टेशनला पोहोचवते, 45 बाटमध्ये, आणि तिथे वरच बीटीएस, म्हणजे शहरातली उंचावरून धावणारी रेल्वे, मिळते. या प्रवासात कोणाशी घासाघीस नाही, कोणाचं गोड बोलणं नाही.

फोनबद्दल एक बारीक गोष्ट. डेटासाठी तिकडचं सिम किंवा ई-सिम घ्या, पण भारतातलं सिम काढून घरी ठेवू नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार, त्यामुळे रोमिंग चालू असू द्या. ग्रॅब आणि बोल्ट ही टॅक्सीची ॲप इथूनच भरून, ओटीपीसकट चालू करून जा. आपली कार्डं ॲपमध्ये कधी चालतात, कधी नाही. रोख द्यायचा पर्याय असतो. हॉटेलचं नाव-पत्ता थाई लिपीत फोनमध्येही हवा आणि कागदावरही.

राहायचं कुठे? एकच कसोटी लावा: बीटीएस किंवा एमआरटी मेट्रोच्या स्टेशनपासून हॉटेलपर्यंत सात-आठ मिनिटांत, उजेडाच्या रस्त्याने चालत जाता येतं का? सुखुम्वितसारख्या मोठ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गल्ल्या फुटतात, त्यांना सोई म्हणतात. एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. काही सोई एक किलोमीटरहून लांब आहेत. नकाशावर ‘सुखुम्वित’ लिहिलेलं स्वस्त हॉटेल त्या सोईच्या पार शेवटाला असतं, आणि रात्री दहाला तो शेवट तुम्हाला फार लांब वाटतो. भटकी कुत्रीही अशाच ठिकाणी असतात. सियाम, राचाथेवी, आरी, साला डेंग, फ्रोम फोंग ही स्टेशनं पहिल्या खेपेला चांगली. नाना आणि असोकच्या आसपास बारच्या गल्ल्या आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही (आपला भारतीय दूतावास सुखुम्वितच्या 23 नंबरच्या सोईत आहे आणि सोई काउबॉय ही बारची गल्ली त्याच सोईला येऊन मिळते), पण रोज रात्री तिथून चालत यायला कंटाळा येईल. खाओसान या स्वस्तात फिरणाऱ्यांच्या रस्त्याला मी पहिल्यांदा जाणारीला पाठवत नाही. बीटीएस लांब, आवाज पहाटेपर्यंत, आणि बादलीतून दारू विकतात.

रिसेप्शन चोवीस तास असावं आणि लिफ्टला कार्ड लागावं. रिसेप्शनवरच्या मुलीने खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला तर सरळ दुसरी खोली मागा. त्यांना या मागणीचं नवल वाटत नाही.

आता राजवाडा. इथे थोडं थांबते, कारण एकट्या बाईवर सगळ्यात जास्त चालणारी युक्ती इथलीच. ग्रँड पॅलेसची भिंत लांबलचक आहे. तुम्ही सनम चायच्या मेट्रो स्टेशनावरून भिंतीकडेने चालत येता, ऊन मी म्हणत असतं, दार काही दिसत नाही. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक गृहस्थ समोर येतो. ‘इंडिया? नमस्ते!’ मग काळजीच्या सुरात सांगतो की आज सकाळी भिक्खूंची प्रार्थना आहे, राजवाडा एक वाजता उघडेल. तोपर्यंत इथे उन्हात काय करणार? तो तुमचा नकाशा घेतो, त्यावर पेनाने दोन-तीन गोल काढतो: एक मोठा बुद्ध, एक ‘भाग्याचा बुद्ध’, एक सरकारी रत्नांचं दुकान, जिथे आज सवलतीचा शेवटचा दिवस आहे. एक टुकटुक अगदी योगायोगाने तिथेच उभी असते आणि सगळी फेरी चाळीस बाटमध्ये करते म्हणते. देवळात आणखी एक सज्जन भेटतो, तो म्हणतो मी इथे दरवर्षी येतो, इथली नीलम मायदेशी दुप्पट भावाने जातात. शर्टवाला, टुकटुकवाला, देवळातला सज्जन, तिघेही एकाच साखळीतले.

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री साडेतीनपर्यंत चालते. तिकीट 500 बाट. बंद असला तर ते दारावरच्या गणवेशातल्या माणसाकडून कळेल, भिंतीकडेच्या माणसाकडून नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. तुमचा साधा कुर्ता-सलवार त्यात बसतो. या युक्तीत अंगाला सहसा धोका नसतो, पैसे जातात. पण अनोळखी माणसाने ठरवलेल्या गाडीत, अनोळखी ठिकाणी, एकटं फिरण्याची सवय मात्र लागते, आणि ती मला रत्नांच्या पैशांपेक्षा जास्त खटकते.

नकार कसा द्यायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. समोरचा हसून बोलतोय तर आपण थांबतो, ऐकून घेतो, कारणं देतो. कारण दिलं की त्याला धरून पुढचं संभाषण सुरू होतं. हलकं हसू, ‘मै आव, खा’ म्हणजे नको, आणि पाय न थांबवता पुढे. थाई लोकांना यात उद्धटपणा दिसत नाही.

आवाज चढवण्याचंही तसंच. आपल्याकडे बाईने आवाज चढवला की चार माणसं जमतात आणि निम्मं काम होतं. तिथे पैशांच्या वादात ओरडलात तर समोरच्याला चारचौघांत अपमान झाल्यासारखं वाटतं आणि तो हट्टाला पेटतो. टॅक्सीवाल्याशी भांडण झालं तर शांतपणे गाडी हॉटेलच्या दारात नेऊ द्या आणि दारवानाला मध्ये घाला. शंभर बाटसाठी रस्त्यात तमाशा नको. अंगाला हात लागला किंवा कोणी वाट अडवली तर मात्र हे काही लागू नाही. तिथे पूर्ण आवाजात ‘छुआय दुआय!’ म्हणजे वाचवा. लोक धावतात.

रात्री बाहेर पडा. बँकॉक रात्रीच थंड होतं, आणि याओवारातचा चिनी वस्तीतला खाऊबाजार संध्याकाळीच रंगतो. बीटीएस मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते, म्हणून शेवटच्या गाडीच्या तासभर आधी निघायचं ठरवा. राहिलातच तर रस्त्यावर हात दाखवण्याऐवजी ॲपवरून गाडी बोलवा, नंबर जुळवा, मागे बसा. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातले मोटारसायकल-टॅक्सीवाले बसलेले असतात. पहिल्या दिवशी त्यांची धास्ती वाटते, पण ते रोज त्याच जागी असतात, गल्लीत कोण येतं-जातं ते त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या असण्याने गल्ली जागी राहते.

कोणी मागे येतंय असं वाटलं तर खोलीकडे वळू नका. जवळच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये शिरा. ती दुकानं चोवीस तास उघडी, लख्ख उजेडाची, आणि मधल्या शहरात पाच मिनिटांत एक सापडतंच. आत उभं राहून गाडी बोलवा किंवा हॉटेलला फोन करा. स्टेशनचे गार्ड, मोठ्या हॉटेलांचे दारवान यांच्याकडेही बिनधास्त जा. ‘एकटीच आलीस?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची गरज नसते. नवरा हॉटेलवर आहे, झोपलाय, म्हणून मोकळ्या व्हा.

एक कडू गोष्ट. आपल्या बायकांनी छेडछाडीचं सांगितलं की मी विचारते, कोण होतं? उत्तर बऱ्याचदा एकच येतं: आपल्याकडूनच टोळक्याने गेलेले पुरुष. भाषा कळते, ‘अकेली आयी हो?’ने सुरुवात होते, मग फोटो, मग ‘चलो ना, ग्रुप में’. परमुलखात आपली भाषा ऐकली की माणूस सैलावतो. सैलावू नका.

बारमध्ये नियम जगभर तेच: ग्लास डोळ्यांसमोर भरलेला, आणि सोडून गेलात तर परत न उचललेला. पॅटपॉन्ग या बारच्या गल्लीतले वरच्या मजल्यावरचे ‘फुकट शो’ टाळा, बिलावरून दार अडवतात. तुमचं नोव्हेंबर आहे म्हणून ठीक. एप्रिलमध्ये 13 ते 15 तारखेला सोंगक्रान, म्हणजे पाणी उडवत साजरं होणारं थाई नववर्ष, असतो. पाण्याबरोबर गालाला ओली पांढरी पावडर लावायच्या निमित्ताने हात कुठेही जातात, त्या गर्दीत एकटीने जाऊ नये असं माझं मत आहे.

मसाजला जाच. पारंपरिक थाई मसाज सैल सुती कपडे घालून करतात, कपडे काढायचे नसतात, आणि युनेस्कोने 2019मध्ये त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलंय. काचेतून आत पाय चोळून घेणारी गिऱ्हाइकं दिसतात आणि दराचा फलक बाहेर आहे, असं दुकान निवडा. मसाज बाईच करेल असं आधीच सांगा. वाट फो देवळाच्या आवारात तर त्याची शाळाच आहे.

इतकं सगळं पुरुषांबद्दल बोलून झालं, पण मला स्वतःला बँकॉकमध्ये खरी भीती वाटते ती रस्त्याची. थायलंडमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांत बहुसंख्य दुचाकीवरचे असतात. जानेवारी 2022मध्ये फाया थाई रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगवरून जाणाऱ्या एका तरुण डॉक्टर बाईंना मोटारसायकलने उडवलं, चालवणारा पोलीस होता. देशभर गहजब झाला, तरी झेब्रावर गाड्या थांबतील असं धरून चालू नका. पादचारी पूल असेल तर चढा. फुटपाथवरही मोटारसायकली येतात, उलट्या दिशेने. पर्स आणि फोन रस्त्याच्या बाजूला नको, आणि गळ्यातलं-हातातलं सोनं घरी. मंगळसूत्र तिकडे कोणाला कळत नाही, सोनं मात्र सगळ्यांना कळतं. मोटारसायकल-टॅक्सी घेतलीत तर हेल्मेट मागा. स्कूटर भाड्याने अजिबात नको: दुचाकीचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय परमिट नसेल तर विमा कंपनी हात वर करते, शिवाय दुकानदार पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतो. प्रवास विमा घ्या, आणि तिथली खाजगी रुग्णालयं चांगली पण महाग आहेत हे लक्षात ठेवून रक्कम ठरवा.

फोनमध्ये हे नंबर आत्ताच घाला. 1155 पर्यटक पोलीस, इंग्रजी बोलतात, चोवीस तास. 191 साधे पोलीस, 1669 रुग्णवाहिका. 1300 ही तिथल्या समाजकल्याण खात्याची मदतवाहिनी. भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर त्यांच्या साइटवरून घ्या. पासपोर्ट हरवला तर क्रम असा: आधी पोलिसांत नोंद, तिचा कागद घेऊन दूतावास, मग थाई इमिग्रेशन. आणि, येऊ नये, पण अत्याचाराची वेळ आलीच तर अंघोळ न करता, कपडे न बदलता 1155ला फोन करून सरकारी रुग्णालयात जा. तिथे तपासणी, औषधं आणि पोलीस एकत्र मिळतील अशी केंद्रं आहेत. गर्भनिरोधक गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. पोलिसांआधी कोणाशी तरी आपल्या भाषेत बोलावंसं वाटलं तर दूतावासाला फोन करा.

इमिग्रेशनवरच्या जास्तीच्या प्रश्नांचं कारण आता. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची, कॉल सेंटरची नोकरी म्हणून आपली मुलं-मुली बँकॉकला नेली, तिथून पाचशे किलोमीटरवरच्या माए सोतला, आणि नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीला. तिथे कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली. आपल्या परराष्ट्र खात्याने 2022मध्येच याबद्दल जाहीर सावध केलंय. तुम्ही फिरायला चाललाय, पण तिकडे भेटलेल्या कोणी ‘दोन दिवसांचं काम आहे, गाडी पाठवतो’ म्हटलं, किंवा तुमची एखादी मैत्रीण फुकट तिकिटावर पर्यटक म्हणून नोकरीला निघाली असेल, तर हे आठवा.

राहिली आई. तिला लाइव्ह लोकेशन देऊ नका. मेट्रोत शिरलात की तो ठिपका थांबतो आणि इकडे नाशिकला जीव टांगणीला लागतो. ते भावाला किंवा शांत डोक्याच्या मैत्रिणीला द्या. आईला दिवसातून दोन मेसेज, ठरलेल्या वेळी: सकाळी बाहेर पडताना आणि रात्री खोलीचं दार लावल्यावर. रात्रीची वेळ आपल्या घड्याळाने ठरवा, कारण तुमचे साडेअकरा म्हणजे तिचे दहा. एक मेसेज चुकला तर तासभर थांबायचं, मग भावाने हॉटेलला फोन करायचा, हेही आधी बोलून घ्या. हॉटेलचा नंबर +66ने सुरू होतो. तो, खोली कोणाच्या नावावर आहे ते, आणि पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं एका कागदावर लिहून आईच्या फ्रिजवर लावून जा.